मिर-१२२ इनहिबिटर आणि लिव्हर सेल्स : दोन महिने झाले, काहीच हलत नाहीये

यकृतवेडी

नमस्कार मंडळी, इथे बायोवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय, पोस्ट मोठी होणार आहे, सांभाळून घ्या. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय लिव्हर सेल्समधलं कोलेस्टेरॉल. मॅडम म्हणाल्या मिर-१२२ बंद करून बघ, यकृतात सगळ्यात जास्त असणारा मायक्रोआरएनए (जनुकांना दाबणारा आरएनएचा छोटा तुकडा) तोच आणि तो बंद केला की उंदरांचं कोलेस्टेरॉल उतरतं हे २००५-०६ पासून माहीत आहे. म्हणून इनहिबिटर, म्हणजे त्याला अडवणारा रेणू, मागवला, यायला सात आठवडे लागले, पाकीट साध्या तापमानालाच आलं, बर्फबिर्फ काही नाही, तेव्हाच पोटात गोळा आला होता.

केलं ते असं. हेपजी२ नावाच्या लिव्हर सेल्स, २४ वेलची (खळग्यांची) प्लेट, वेलमध्ये ५०० मायक्रोलिटर मीडिया, इनहिबिटर ५० नॅनोमोलर, आरएनएआयमॅक्स (सेल्सच्या आत पोचवणारं लिपिड) वापरून. ४८ तासांनी आरएनए काढला आणि आल्डोलेज ए बघितलं, कारण ते मिर-१२२ चं ठरलेलं टार्गेट, म्हणजे मिर ज्याला दाबतो ते जनुक, मिर बंद झाला की ते वर जायला हवं. काही नाही. कंट्रोल आणि इनहिबिटर दोन्ही सारखेच. तीनदा केलं. मग १०० नॅनोमोलर केलं तर सेल्सच सुटून वर तरंगायला लागल्या. पुढच्या महिन्यात कमिटी मीटिंग आहे आणि दाखवायला एक ग्राफ नाहीये. इनहिबिटर वाटेत खराब झाला असेल का? परत मागवायचा तर पैसे कुठून आणायचे तेही कळत नाहीये.

पेट्रीडिश

पावडर स्वरूपात असेल तर साध्या तापमानाला येतोच, त्याची काळजी सोड. सुकलेला ऑलिगो (इनहिबिटरसारखा छोटा तुकडा) दणकट असतो आणि इनहिबिटरवर तर रासायनिक बदल केलेले असतात, न्यूक्लिएज (आरएनए तोडणारी एन्झाइम्स) त्याला सहज खात नाहीत. पाण्यात विरघळवल्यावर मात्र उणे २० ला ठेव, छोट्या छोट्या वाट्यात. एक विचारू, ट्यूब उघडण्याआधी स्पिन केली होतीस का? पावडर झाकणाला चिकटलेली असते, डोळ्याला दिसत पण नाही, झाकण उघडलं की अर्धी हवेत.

यकृतवेडी

स्पिन केली होती. ५ नॅनोमोल होतं, ५०० मायक्रोलिटर न्यूक्लिएज-फ्री पाणी घातलं म्हणजे १० मायक्रोमोलर, त्यातलं अडीच मायक्रोलिटर प्रत्येक वेलला. फ्लुरोसंट कंट्रोल पण लावला होता, सेल्स चमकत होत्या, त्यामुळे आत जातंय असं वाटलं.

जुना_पोस्टडॉक

यकृतवेडी, हिशोब तुझा बरोबर आहे, ट्यूबही बरोबर आहे. चूक सेल्सची आहे. हेपजी२ मध्ये मिर-१२२ जवळजवळ नसतोच!

हे वाचून धक्का बसेल पण रडू नकोस, या खड्ड्यात बरेच जण पडलेत. हेपजी२ चं नाव लिव्हर सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या सेल्स) म्हणून इतकं रुळलंय की माणूस गृहीत धरतो यकृताचं सगळं त्यात असणार. खऱ्या यकृतात एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के एकटा मिर-१२२, एकेका पेशीत पन्नास हजारांच्या वर प्रती. पण हेपजी२ ही अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या ट्यूमरपासून बनली, आधी तिला हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणायचे, पुढे मूळ तपासल्यावर हेपॅटोब्लास्टोमा निघाला, म्हणजे जरा कच्च्या, बाळबोध यकृतपेशी. त्यांच्यात मिर-१२२ फार फार कमी. जो नाहीच त्याला तू बंद काय करणार? आल्डोलेज आधीच मोकळं आहे, ते अजून कुठे वर जाईल.

हू-७ घे. ती जपानमध्ये १९८२ साली बनली, ५७ वर्षांच्या माणसाच्या लिव्हर कॅन्सरपासून, आणि तिच्यात मिर-१२२ भरपूर टिकून आहे. स्टॅनफर्डच्या सार्नो यांच्या लॅबचा २००५ चा सायन्समधला पेपर काढून बघ, पूर्ण गोष्ट याच फरकावर उभी आहे. हेपॅटायटिस सी चा रेप्लिकॉन (स्वतःच्या प्रती काढणारा विषाणूचा आरएनए) असलेल्या हू-७ मध्ये त्यांनी मिर-१२२ ला पूरक असा २-प्राइम-ओ-मिथाइल ऑलिगो टाकून मिर अडवला आणि विषाणूचा आरएनए धाडकन खाली आला. पुढे लोकांनी हेपजी२ ला मिर-१२२ आणि सीडी८१ (विषाणूला आत घेणारं प्रोटीन) बाहेरून दिले तर तिच्यात पण विषाणू वाढायला लागला.

उद्या लॅबमध्ये गेलीस की इतर काही करू नकोस. नुसत्या सेल्स घे, हेपजी२ आणि हू-७, काहीही न लावता, सारखाच आरएनए घालून मिर-१२२ ची क्यूपीसीआर (आरएनए किती आहे ते मोजणारी टेस्ट) कर. सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसतो तो आकडा, कमी म्हणजे आरएनए जास्त) इथे टाक.

वाचनमात्र

मी यातली नाही, बँकेत आहे, पण भावाला हेपॅटायटिस सी निघालाय म्हणून लिव्हरचं काहीही दिसलं की वाचते. हे इनहिबिटर म्हणजे नक्की काय असतं कोणी साध्या भाषेत सांगेल का? आणि विषाणू खाली आला म्हणताय तर याचं औषध मिळतं का?

पेट्रीडिश

वाचनमात्र ताई, पेशीत जनुकाची चिठ्ठी निघते, तिला एमआरएनए म्हणतात, ती वाचून प्रोटीन बनतं. मायक्रोआरएनए हा २०-२२ अक्षरांचा इवलासा तुकडा, तो चिठ्ठीच्या शेपटीला जुळणारी अक्षरं शोधून चिकटतो आणि मग ती चिठ्ठी नीट वाचली जात नाही, बहुतेकदा नष्ट पण होते. हे प्रकरण पहिल्यांदा एका छोट्या अळीत सापडलं १९९३ साली, अँब्रोस आणि रुव्हकुन यांना, त्याचंच २०२४ चं नोबेल. इनहिबिटर म्हणजे त्या मायक्रोआरएनएला पुरवलेली खोटी चिठ्ठी, अक्षर न अक्षर जुळणारी आणि अशी बनवलेली की एकदा चिकटला की सुटत नाही. मायक्रोआरएनए तिथेच अडकून बसतो, खऱ्या चिठ्ठ्या मोकळ्या होतात. औषधाचं जुना_पोस्टडॉक सांगतील.

जुना_पोस्टडॉक

ताई, आधी महत्त्वाचं सांगतो. हेपॅटायटिस सी आज गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांना १२ आठवड्यांचा कोर्स. सोफोसबुव्हिरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली, त्याच्या भारतीय जेनेरिक गोळ्या २०१५ पासून मिळतात, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. भावाला सरकारी केंद्रात नक्की घेऊन जा, वेळ घालवू नका.

आता इनहिबिटरचं. हेपॅटायटिस सी चा विषाणू मिर-१२२ चा उलटा वापर करतो. एरवी मायक्रोआरएनए चिठ्ठी नासवतो, पण इथे तो विषाणूच्या आरएनएच्या अगदी सुरुवातीला दोन जागी बसतो आणि त्याला पेशीतल्या कात्रीपासून वाचवतो. म्हणून मिर अडवला की विषाणू उघडा पडतो. डेन्मार्कच्या सँटारिस कंपनीने यावर मिराव्हिर्सेन नावाचं १५ अक्षरांचं एलएनए (घट्ट चिकटावं म्हणून रासायनिक बदल केलेलं) औषध बनवलं. आधी चिंपांझींवर, तो पेपर २०१०, मग २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ३६ रुग्णांचा निकाल आला, आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शनं, डोस वाढवला तसा विषाणू खाली, किलोमागे ७ मिलिग्रॅमवाल्या गटात चौघांत तर पुढे काही काळ सापडेनासा झाला. दुसऱ्या एका कंपनीने आरजी-१०१ आणलं, त्याला साखरेचा टॅग होता, थेट यकृतपेशीच ओढून घेतात असा. पण त्यात काही रुग्णांना कावीळ झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने चाचणी थांबवली. तोवर गोळ्या येऊन बसलेल्या होत्या. त्यामुळे औषध म्हणून दुकानात नाही, पण प्रयोगशाळेत या इनहिबिटरनी जे शिकवलं ते फार मोठं आहे.

वाचनमात्र

खूप खूप आभार. मोफत मिळतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी जातो.

हूडखाली

जुना_पोस्टडॉक यांच्या म्हणण्यात भर घालते, कारण मी यात दीड वर्ष घालवलंय. सेल लाइनच्या बाटलीवरच्या नावावर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे नॉर्मल लिव्हर कंट्रोल म्हणून चँग लिव्हर सेल्स वापरायचे, माझ्या आधीच्या दोन जणांनी वापरल्या, मी पण वापरल्या. सगळ्या मायक्रोआरएनएमध्ये फरक दिसायचा, मी खुश. मग एका रिव्ह्यूअरने एसटीआर प्रोफाइल (सेल्सची डीएनएवरून ओळख) मागितलं. केलं तर हेला! गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सेल्स. चँग लिव्हर हेला आहे हे जगाला कधीचं माहीत आहे, डब्ल्यूआरएल-६८ चं पण तेच, एल-०२ चं पण तेच, तरी अजून नॉर्मल लिव्हर म्हणून छापलं जातंय. मी यकृत आणि यकृताचा कॅन्सर यांची तुलना करत नव्हतेच, गर्भाशयमुखाशी करत होते. तो आख्खा चॅप्टर काढून टाकला.

तेव्हा हू-७ शेजारच्या लॅबमधून अर्धी बाटली उचलून आणू नकोस. पुण्याच्या एनसीसीएस (सेल्सचा साठा ठेवणारी संस्था) मधून किंवा अशाच रेपॉझिटरीतून कागदासकट घे, आल्या आल्या मायकोप्लाझ्मा (सेल्समध्ये लपून वाढणारा जंतू) टेस्ट कर, एसटीआर कर, आणि कमी पासेजच्या (कमी वेळा वाढवलेल्या) पाच-सहा वायल गोठवून ठेव. मायकोप्लाझ्मा असला तर ट्रान्सफेक्शनचे (सेल्समध्ये रेणू घालण्याचे) आकडे इतके वेडेवाकडे येतात की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

यकृतवेडी

आज केलं. तीन वेळा एकाच आरएनएचं. हेपजी२ मध्ये मिर-१२२ चा सीटी ३३ च्या आसपास. हू-७ मध्ये १९. यू६ (तुलनेसाठीचा आरएनए) दोन्हीकडे सारखाच. म्हणजे १४ सायकलचा फरक, सोळा हजार पट!! मी दोन महिने रिकाम्या घराला कुलूप लावत होते. मॅडमना दाखवलं, त्या पण गप्प झाल्या, मग म्हणाल्या बरं झालं कळलं. हू-७ ची ऑर्डर टाकलीये. तोवर हेपजी२ चं काय करू? एवढ्या वाढवल्यात.

पेट्रीडिश

फेकू नकोस. हेपजी२ मिर-२१ साठी चांगल्या. लिव्हर कॅन्सरमध्ये मिर-२१ वाढलेला असतो, तो अडवला की पीटेन हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन वर येतं हे २००७ पासून दाखवलेलं आहे. तुझी ट्रान्सफेक्शनची पद्धत चालते की नाही हे त्यावर तपासता येईल. आणि हेपजी२ गुच्छ करून वाढतात, मधल्या सेल्सना काही मिळतच नाही. ट्रिप्सिननंतर बारीक सुईतून दोन-चारदा वरखाली कर, सुट्या झाल्या की मग मोज. रिव्हर्स ट्रान्सफेक्शन करून बघ, म्हणजे आधी वेलमध्ये मिश्रण आणि मग वरून सेल्स. आमच्याकडे त्यानेच जमलं.

यकृतवेडी

तीन आठवड्यांनी परत आलेय. हू-७ आल्या, मायकोप्लाझ्मा निगेटिव्ह, पहिलं ट्रान्सफेक्शन झालं आणि २४ तासांत मिर-१२२ नव्याण्णव टक्के गायब! क्यूपीसीआरमध्ये सीटी १९ वरून २६. स्क्रँबल (अक्षरं विस्कटलेल्या) कंट्रोलमध्ये काहीच बदल नाही. मॅडमना ग्राफ पाठवला. पण आल्डोलेजचा एमआरएनए जेमतेम १.२ पट वर. हे कसं शक्य आहे, मिर एवढा गेला तर टार्गेट का हलत नाही?

जुना_पोस्टडॉक

तो ग्राफ मॅडमकडून परत मागव, आत्ताच.

नीट वाच. इनहिबिटर मिरला चिकटून बसतो, दर वेळी नष्ट करतोच असं नाही. तू सेल्स फोडल्या की एंडोसोममध्ये (पेशीतल्या पिशव्यांत) अडकलेला, बाहेर चिकटलेला, उरलेला सगळा इनहिबिटर त्याच लायसेटमध्ये (फोडलेल्या सेल्सच्या रसात) येतो, आरएनएबरोबर शुद्ध होतो आणि तुझ्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या (मोजण्याआधी आरएनएचा डीएनए करण्याच्या) ट्यूबमध्ये जाऊन मिरला धरून बसतो. मिर वाचणाऱ्या स्टेम-लूप प्रायमरला जागाच मिळत नाही. मशीन म्हणतं मिर नाही. मिर असतो, फक्त मोजता येत नाही, आणि पेशीत असताना त्यातला किती अडला होता हे त्या आकड्यावरून कळतच नाही.

किती इनहिबिटर असतो याचा हिशोब करून दाखवतो. ५० नॅनोमोलर, ५०० मायक्रोलिटर, म्हणजे २५ पिकोमोल, म्हणजे पंधरा लाख कोटी रेणू. वेलमध्ये एक लाख सेल्स धर. एका पेशीमागे १५ कोटी रेणू. आणि पेशीत मिर-१२२ आहेत काही हजार. आता त्या १५ कोटींतले बहुतेक एंडोसोमच्या पिशव्यांत कोंडलेले, कामाचे नाहीत, पण लायसिस बफर पडला की सगळे बाहेर. तुझे सात सायकल त्या गर्दीमुळे पण आलेले असू शकतात. हे तपासायचं असेल तर काहीही न लावलेल्या हू-७ च्या लायसेटमध्ये शेवटी थोडा इनहिबिटर नुसता मिसळ आणि मग आरएनए काढ. तिथे पण मिर गायब झाला तर समजायचं.

म्हणून मिर मोजू नकोस, त्याचं काम मोज. लुसिफरेज (उजेड देणारं प्रोटीन) रिपोर्टर बनव. साईचेक-२ प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या गोल कड्यात) रेनिला लुसिफरेजच्या मागे मिर-१२२ ला पूर्ण जुळणारी एक जागा टाक, आणि दुसरं तसंच प्लाझ्मिड पण सीडची (मिर जिथे मुख्यतः जुळतो त्या भागाची) अक्षरं बिघडवलेलं, म्हणजे एसीएसीटीसीसी मोडून टाक. फायरफ्लाय हे दुसरं लुसिफरेज त्याच प्लाझ्मिडवर आहे, त्याने भागायचं. हू-७ मध्ये जुळणाऱ्या जागेचं रेनिला दबलेलं दिसेल, कारण मिर ते कापतोय. इनहिबिटर खरंच काम करत असेल तर ते उठेल. बिघडवलेलं प्लाझ्मिड जिथल्या तिथे राहिलं पाहिजे, तेही हललं तर तुझा इनहिबिटर दुसरंच काहीतरी करतोय.

हूडखाली

आणि २४ तास कमी आहेत बाई. एमआरएनएला ४८ दे, प्रोटीनला ७२. जुनं प्रोटीन पेशीत असतंच, ते दबाव निघाल्यावर हळूहळू वाढतं. अँटिबायोटिक नसलेल्या मीडियात कर. आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच सेल्स पेर, मी ६० टक्के भरलेली प्लेट धरते. गच्च भरलेल्या सेल्समध्ये मायक्रोआरएनएचं वागणं बदलतं, एका दिवशी ५० आणि दुसऱ्या दिवशी ९० टक्के असेल तर दोन प्रयोग एकमेकांशी जुळणार नाहीत.

डोस पण एकच लावू नकोस. ५, १०, २५, ५०, बाजूला सेल्स किती जिवंत आहेत ते. काम होतंय असा सगळ्यात छोटा डोस घ्यायचा. तुझ्या हेपजी२ १०० ला मेल्या त्या लिपिडने मेल्या असणार.

कृष्णाकाठ

उशिरा येतोय पण एक जोडतो, आपल्या जवळचं आहे म्हणून. पुण्याच्या एनआयव्हीतल्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) गटाने २०१८ मध्ये जर्नल ऑफ व्हायरॉलॉजीत दाखवलं की हेपॅटायटिस ई चा विषाणूसुद्धा वाढायला मिर-१२२ ची मदत घेतो, त्याच्या पॉलिमरेजच्या (प्रती काढणाऱ्या एन्झाइमच्या) भागात मिर-१२२ ला जुळणारी जागा आहे. हेपॅटायटिस ई म्हणजे दूषित पाण्याची कावीळ, आपल्याकडे पावसाळ्यात ऐकतो तीच, गरोदर बायकांना फार धोक्याची. त्यांनी हू-७ च्याच उपशाखेत काम केलं. यकृतवेडी, तुझ्या लॅबपासून हे काही लांब नाही, वाचून ठेव.

आणि टार्गेट म्हणून आल्डोलेजबरोबर कॅट-१ (अमिनो आम्ल पेशीत आणणारं प्रोटीन) पण घे. बासेलला फिलिपोविच यांच्या लॅबमध्ये भट्टाचार्य यांनी हू-७ मध्ये दाखवलेलं, २००६, पेशी उपाशी ठेवली की मिर-१२२ चा कॅट-१ वरचा दाब सुटतो. ते भट्टाचार्य पुढे कोलकात्याला आले. फार सुंदर काम आहे, मिर एकदा दाबला म्हणजे कायमचं दाबून ठेवतो असं नाही हे तिथून कळलं.

यकृतवेडी

कृष्णाकाठ, वाचला, दोनदा वाचला. याचा अर्थ माझ्या सेल्सचा मीडिया जुना झाला, त्या उपाशी राहिल्या, तर इनहिबिटर न लावता पण कॅट-१ वर जाईल?

कृष्णाकाठ

बरोबर पकडलंस. म्हणून सगळ्या वेलचा मीडिया एकाच वेळी बदलायचा आणि नुसत्या लिपिडची वेल हवीच. अमिनो आम्ल कमी झालं की तो परिणाम दिसतो.

यकृतवेडी

मंडळी, रिपोर्टर झाला. क्लोनिंगला दोन आठवडे गेले, पहिल्या आठ कॉलनींत एक बरोबर निघाली. बिघडवलेल्या जागेला १ धरलं तर हू-७ मध्ये जुळणाऱ्या जागेचं रेनिला ०.१२. स्क्रँबल लावलं तरी ०.१३. मिर-१२२ इनहिबिटर १० नॅनोमोलर, ०.६. २५ नॅनोमोलर, ०.८. ५० ला पण ०.८, म्हणजे पुढे वाढवून काही मिळत नाही. हेपजी२ मध्ये तेच प्लाझ्मिड टाकलं तर आधीपासूनच ०.९५, काही न लावता. चार वेळा केलं, तिन्ही वेल दर वेळी एकमेकींच्या जवळ. रीडरमधून आकडे बाहेर येत होते आणि मी स्क्रीनला नाक लावून बसले होते.

जुना_पोस्टडॉक सर, लायसेटमध्ये नुसता मिसळून बघायला सांगितलेलं तेही केलं. काहीही न लावलेल्या सेल्स, शेवटी इनहिबिटर टाकला, सीटी १९ वरून २५. तुम्ही म्हणालात तेच. तो पहिला ग्राफ मी कमिटीच्या स्लाइड्समधून काढला आणि त्याच्या जागी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लावल्या. एका सरांनी विचारलं की क्यूपीसीआर का नाही दाखवली, तेव्हा हा मिसळून बघितल्याचाच बार पुढे केला.

आल्डोलेज ४८ तासांना २.३ पट आलं, २५ नॅनोमोलरवर. कॅट-१ चा एमआरएनए पण वर. प्रोटीन अजून नाही, वेस्टर्नमध्ये (जेलवर प्रोटीन बघण्याच्या टेस्टमध्ये) जेलच्या वरच्या खाचेशीच काळा डाग येतोय, खाली काही उतरतच नाही.

हूडखाली

सॅम्पल ९५ ला उकळलंस का? कॅट-१ मेम्ब्रेनमधून बऱ्याचदा आतबाहेर जाणारं प्रोटीन, उकळलं की गोळा होऊन वरच बसतं. ३७ ला अर्धा तास ठेव, उकळू नकोस. आणि बँड रेघेसारखा येणार नाही, पसरट येईल, साखर चिकटलेली असते त्यामुळे, घाबरू नकोस.

जुना_पोस्टडॉक

०.१२ वरून ०.८ हे झकास आहे. मनापासून आनंद झाला. आता कोलेस्टेरॉलकडे जाशील तेव्हा एक ध्यानात ठेव, सेल लाइनमधले तीन दिवस वेगळे आणि यकृतातली वर्षं वेगळी. ज्या उंदरांत मिर-१२२ चं जनुकच काढून टाकलं त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण यकृतात चरबी साठली, सूज आली, आणि वय वाढल्यावर ट्यूमर झाले, २०१२ चे दोन पेपर आहेत. तुझ्या थीसिसच्या चर्चेत हे यायलाच हवं, उंदरांचं कोलेस्टेरॉल उतरतं एवढंच लिहून थांबू नकोस.

वाचनमात्र

मधेच येतेय, माफ करा. भावाच्या गोळ्या सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यातून, एक रुपया लागला नाही. तुम्हा सगळ्यांचं बोलणं मला अर्धंच कळतं पण रोज येऊन बघते की त्या मुलीचं झालं का.

यकृतवेडी

वाचनमात्र ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, भावाला लवकर बरं वाटू दे. हूडखाली ताई, हो, उकळलंच होतं, दहा मिनिटं. नवीन सॅम्पल फ्रीजरमध्ये आहेत, बुधवारी जेल लावते ३७ वालं, ब्लॉट आला की फोटो इथेच टाकते.